उकिरड्यावर उगवलेलं काळपट टोमॅटो – हे आलं कुठून?

परसातली | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी कोरेगाव तालुक्यातली. यंदा पावसाळ्यात आमच्या उकिरड्याच्या कडेला टोमॅटोचं एक झाड आपोआप उगवलं. लावलं कुणी नाही, खत घातलं नाही, आधार दिला नाही. दिवाळीच्या सुमारास फळं धरली, ती पिकली आणि आम्ही कोड्यात पडलो.

आकार चपटा, लाल भोपळ्यासारख्या खोल पाकळ्या. देठाजवळचा भाग पिकल्यावरही हिरवाच राहतो. बाकीचा रंग लाल नाही, विटकरीही नाही. जुन्या तांब्याच्या हंड्याला असतो तसा तपकिरी. कापलं की आत एकसारखे कप्पे नाहीत, वेडेवाकडे दहा-बारा तरी निघतात. गर मधे हिरवट, कडेला काळपट तांबडा. चव दणकट. आंबट आहे, पण मागून खारट-गोडसर काहीतरी लागतं.

आत्या (माझ्या सासूबाई) म्हणतात, "अगं ही आपली जुनीच टंबाटी. माझ्या सासूच्या माहेरची." पण मी लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे सतरा वर्षांत, परसात पाकळ्यांचं लाल टोमॅटो पाहिलंय, काळं कधीच नाही. मग हे आलं कुठून?

वऱ्हाडी_ठेचा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:०५

आमच्याकडे टोमॅटोला भेदरं म्हणतात. तुमचं भेदरं पाहून आम्हीच भेदरलो.
फोटोत पाकळ्या झकास दिसतायत. रुमाल टाकून ठेवतो.

सदाशिव_पेठी | १२ नोव्हेंबर, रात्री १०:३०

मोरीचं पाणी तिकडे जातं का? साबणातल्या केमिकलने रंग बदलतो असं ऐकलंय. नाहीतर हल्ली जीएम (प्रयोगशाळेत जनुकं बदललेलं) बियाणं सर्रास येतं बाजारात, त्यातलं असेल. खाऊ नका.

शेतकी_७८ | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

खुशाल खा. साबणाच्या पाण्याने पानं करपतील, फळाचा रंग असा बदलणार नाही. जीएम टोमॅटो भारतात विकायला आलेलाच नाही. आपल्याकडे व्यापारी लागवडीत असलेलं जीएम पीक म्हणजे बीटी कापूस, २००२ पासून. अमेरिकेत १९९४ साली जीएम टोमॅटो बाजारात आला होता, तोही फार टिकला नाही.

परसातली, तीन गोष्टी बघून सांगा.

१. पिकलेल्या फळावरची हिरवी टोपी उचला. तिच्याखाली चांदणीच्या आकाराचा फिका डाग आहे का? असेल तर रंग जांभळासारखा, म्हणजे अँथोसायनिनचा. तो उन्हानेच चढतो, सावलीतली जागा फिकी राहते.

२. फळ अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात धरा आणि साल सोला. साल उजेडात धरली की पिवळी दिसते की काचेसारखी बिनरंगी?

३. पान कसं आहे? नेहमीच्या टोमॅटोसारखं दातेरी की बटाट्याच्या पानासारखं सपाट कडांचं?

परसातली | १३ नोव्हेंबर, दुपारी २:१५

केलं सगळं. टोपीखाली डाग नाही, सगळीकडे सारखाच तपकिरी. साल पिवळी आहे, चहाच्या गाळणीतून ऊन यावं तशी. पानं नेहमीचीच, दातेरी.

साल सोलताना आत्या शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "साल बघून स्थळ ठरवायलीस व्हय?"

शेतकी_७८ | १३ नोव्हेंबर, रात्री ८:४०

आत्यांना नमस्कार सांगा. जवळजवळ तेच चाललंय.

टोमॅटो पिकताना दोन कामं होतात. हिरवा रंग मोडतो आणि लाल रंग भरतो. काही झाडांत हिरवा मोडण्याचं काम बंद पडलेलं असतं. लाल भरतो पण हिरवा जात नाही, आणि हिरव्यावर लाल चढला की दिसतो तपकिरी. साल पिवळी असेल तर विटकरी-तपकिरी, बिनरंगी असेल तर जांभळट. बाजारात 'ब्लॅक' म्हणून मिळणारे बहुतेक टोमॅटो याच प्रकारचे. हा गुण दबका आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तरच फळात दिसतो. एकाकडूनच आला तर फळ लालच पिकतं.

आता पाकळ्यांचं. रानटी टोमॅटोत कप्पे दोन. माणसाने मोठी फळं निवडत नेली, तसे कप्पे वाढवणारे बदल टिकले. कप्पे वाढले की फळ रुंदावतं आणि त्याला घड्या पडतात.

तुमच्या झाडात या दोन गोष्टी एकत्र आल्यात. आत्या म्हणतात ते पाकळ्यांपुरतं खरं असणार. काळेपणा कुठून आला ते शोधायचं.

मांडवीकाठ | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

पाकळ्यांचा चपटा टोमॅटो आमच्या गोव्याच्या बाजारात अजून दिसतो. टोमॅटो हिंदुस्थानात पोर्तुगीजांनी आणला. सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या वनस्पतींच्या पुस्तकांत टोमॅटोची जी चित्रं आहेत ती अशीच चपटी, घड्यांची. म्हणजे आत्यांचं टोमॅटो गोव्याहून घाट चढून साताऱ्याला गेलेलं असू शकतं. चारशे वर्षांचा प्रवास!

शेतकी_७८ | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

तुमच्या उत्साहावर पाणी ओततोय, माफ करा. आकार जुना असला म्हणून बी जुनं ठरत नाही. घड्यांचं टोमॅटो पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या बियाण्याच्या पुडीतूनही येऊ शकतं. आकारावरून घराण्याचा अंदाज येतो, पत्ता नाही लागत.

न्यूजर्सीकर | १४ नोव्हेंबर, रात्री ११:५०

इथे परसातल्या टोमॅटोला वंशावळ लावायचा लोकांना भयंकर नाद आहे. प्रत्येक टोमॅटोमागे एक आजोबा आणि एक गोष्ट.

चेरोकी पर्पल नावाचं जांभळट टोमॅटो आता जगभर लावतात. १९९० मध्ये टेनेसीतल्या एका माणसाने क्रेग लहूलियर या हौशी बागकामवाल्याला टपालाने त्याचं बी पाठवलं. सोबत चिठ्ठी, की हे बी शंभरेक वर्षांपूर्वी चेरोकी लोकांकडून आलंय. लहूलियरने लावलं, फळ बघून चाट पडला आणि नाव ठेवलं. आज सगळे ते नाव घेतात, पण 'चेरोकी'चा आधार शेवटी ती एक चिठ्ठीच.

मॉर्टगेज लिफ्टर म्हणजे 'कर्जफेड्या' टोमॅटो. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याने मोठमोठ्या टोमॅटोंचा संकर करून तो बनवला, १९४० च्या दशकात रोपं एकेक डॉलरला विकली आणि घराचं कर्ज फेडलं म्हणतात. आत्यांना सांगा, नाव आधी ठरवून ठेवा, गोष्ट मागून जुळते.

वऱ्हाडी_ठेचा | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

आमच्या गावात भेदरं लावून कर्ज फिटलेला माणूस मी पाहिला नाही. वाढलेले भरपूर पाहिले.

ठाणेकर_गॅलरी | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:००

मी गेल्या वर्षी ऑनलाइन काळ्या टोमॅटोचं बी मागवलं होतं. पुडीवर चित्र काळंभोर, झाडाला लागले चेरीएवढे लालभडक. तुमचं फुकटचं काळं आणि आमचं विकतचं लाल. बी मिळेल का?

जुना_माळी | १५ नोव्हेंबर, सायंकाळी ५:३०

टोमॅटो सहसा स्वतःच्याच परागावर फळतो, म्हणून लोकांना वाटतं की शेजारच्या वाणाशी भेसळ होतच नाही. होते. फुलातले पुंकेसर एकत्र येऊन नळी बनवतात, पराग आत असतो. मधमाशीला तो नीट काढता येत नाही. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची ती छोटी माशी फुलाला लटकून अंग थरथरवते, तेव्हा पराग पिठासारखा खाली पडतो. परसात उन्हाच्या वेळी उभं राहिलात तर आवाज ऐकू येतो, बारक्या मोटारीसारखा.

पाकळ्यांच्या टोमॅटोचं पहिलं फूल बरेचदा दोन-तीन फुलं जोडल्यासारखं रुंद असतं आणि त्याच्या स्त्रीकेसराचं टोक नळीबाहेर डोकावतं. अशा फुलावर बाहेरचा पराग सहज बसतो.

तेव्हा परसातलीताई, आठवा. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या किंवा शेजारच्या परसात कुणी वेगळं टोमॅटो लावलं होतं का?

परसातली | १६ नोव्हेंबर, दुपारी ३:४५

मी "नाही" असं लिहायलाच बसले होते. आत्या पलीकडून म्हणाल्या, "भाच्यानं दिलेली ती मेलेली रोपं इसरलीस?"

नणंदेचा मुलगा पुण्याला असतो, गच्चीवर बाग करतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या वर गेला होता बघा, त्या पावसाळ्यात तो "मामी, विकत कशाला घेता" म्हणत चार रोपं घेऊन आला. म्हणाला जपानी टोमॅटो आहे. तीन पावसात सडली. चौथ्याला तीन-चार फळं लागली, लांबोडकी, पेरूसारखी. पिकायच्या वेळी काळी पडली. आत्यांनी ती सडली समजून तोडली आणि... उकिरड्यात टाकली.

आत्या आता गप्प आहेत.

न्यूजर्सीकर | १६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

अहो! जपानी, काळं आणि पेरूच्या आकाराचं? ते जॅपनीज ब्लॅक ट्रायफेल असणार! इथे दर दुसऱ्या कॅटलॉगमध्ये असतं. गंमत म्हणजे नाव जपानी, वाण रशियन म्हणून ओळखलं जातं. भाच्याला विचारा, त्याच्या रोपाचं पान बटाट्यासारखं होतं का? ट्रायफेलचं तसं असतं.

परसातली | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

भाच्याने जुना फोटो शोधून पाठवला. पान बटाट्याचंच! मी तर म्हणते, भाच्याने चुकून बटाटाच लावला असता तरी आम्हाला कळलं नसतं.

म्हणजे आमचं झाड त्या फेकलेल्या फळातून उगवलं, एवढं साधं?

शेतकी_७८ | १७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

इतकं साधं नाही. शुद्ध ट्रायफेल उगवला असता तर पानं बटाट्याची आणि फळ पेरूसारखं आलं असतं. तुमच्या झाडाची पानं दातेरी आणि फळ पाकळ्यांचं.

मला वाटतं मधे एक पिढी गेलीय. २०२३ ला दोन्ही झाडं शेजारी फुलली, भुंग्याने आपलं काम केलं. २०२४ ला त्या संकराचं झाड उगवलं असेल. त्याची फळं लालच असणार, कारण काळेपणा दबका आहे. पानंही दातेरीच, कारण बटाट्याचं पानही दबकं आहे. ते तुमच्या नजरेत भरलं नसेल. त्याच्या बियांतून यंदाचं झाड आलं आणि दडलेला काळेपणा वर आला.

परसातली | १७ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मागच्या वर्षी उकिरड्यापाशी एक झाड होतं खरं. लाल, जरा मोठी फळं. एवढंच आठवतंय.

ठाणेकर_गॅलरी | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०५

हा सगळा तर्क झाला. सिद्ध कसं करणार? डीएनए?

शेतकी_७८ | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

डीएनए तपासायची गरज नाही. कुंड्या हव्यात.

या झाडाच्या एकाच फळाचं बी लावा. झाड सरळ जुन्या घरच्या वाणातून अचानक बदल होऊन आलं असेल, तर पुढची सगळी रोपं दातेरी पानांची निघतील. ट्रायफेलचं रक्त असेल आणि आईने बटाट्याचं पान पोटात दडवलं असेल, तर साधारण चारात एक रोप बटाट्याच्या पानाचं येईल. हे कळायला फळाची वाट बघायला नको. चौथं-पाचवं पान आलं की दिसतं.

सगळी दातेरीच आली तर मात्र माझा तर्क सिद्धही होणार नाही आणि खोटाही ठरणार नाही. तेव्हा भुंग्याच्या नावाने एक नारळ फोडा.

जुना_माळी | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:००

बी काढायची रीत. गर वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, वर पांढरी साय येते. मग धुवा. बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, ती निघून जातात. सुकवायला कागद नको, चिकटतात.

परसातली | १८ नोव्हेंबर, दुपारी १:३०

आत्यांची रीत वेगळी. गर सरळ गोवरीवर थापायचा, वर राख भुरभुरायची आणि गोवरी माडीवर कोनाड्यात उभी करायची. पेरायच्या वेळी गोवरीचा तुकडा मोडून तसाच मातीत.

आणि हो, जुन्या लाल टंबाटीचं बी आत्यांच्या फलटणच्या बहिणीकडे अजून आहे, तेही असंच गोवरीवर. ते आणायला सांगितलंय.

शेतकी_७८ | १८ नोव्हेंबर, दुपारी २:१०

हे फार उत्तम. जुनं बी तुलनेला हवंच होतं. अशा गोवऱ्यांतून केवढं काय टिकलंय याचा हिशेब नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती घरचं बी जपण्याच्या कामासाठी. आपण मात्र दरवर्षी पुडी फाडून पेरतो. मीही त्यातलाच.

सदाशिव_पेठी | १९ नोव्हेंबर, सकाळी ११:००

साबणाचं विधान मागे घेतो.
पण एक शंका. उकिरड्यावर बी कोंबड्यांनी किंवा शेळीने बाहेरून आणलेलं नसेल कशावरून?

जुना_माळी | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:१५

शंका रास्त आहे. टोमॅटोचं बी पोटातून जिवंत बाहेर पडतं. गॅलापागोस बेटांवर एक रानटी टोमॅटो आहे, त्याचं बी काही केल्या नीट उगवेना. चार्ल्स रिक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ती फळं तिथल्या राक्षसी कासवांना खाऊ घातली. बी बाहेर पडायला आठवडे लागले, पण मग उगवलं छान. त्याने यावर १९६१ साली शोधनिबंध लिहिला. आमच्या कोंबड्या तेवढा धीर धरत नाहीत, पण तत्त्व तेच.

परसातली | २१ जानेवारी, सकाळी ७:४५

धागा वर काढतेय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काळ्याच्या एका फळातलं बी टाकलं, १६ रोपं जगली. फलटणच्या गोवरीतून जुनी लाल चार उगवली.

आज पानं मोजली. काळ्याची ११ दातेरी, ५ बटाट्याची. जुनी चारही दातेरी.

बटाट्याच्या पानाचं पहिलं रोप दिसलं तेव्हा मी इतकी ओरडले की आत्या हातातलं पीठ घेऊन बाहेर आल्या.

शेतकी_७८ | २१ जानेवारी, सकाळी ८:०५

११ आणि ५! सोळात बारा-चार हवेत, पण एवढ्या लहान मोजणीत एकाचा फरक काहीच नाही. जुन्या घरच्या वाणातून बटाट्याचं पान येण्याचं दुसरं कारण मला तरी सुचत नाही. संकर झालाच आहे. कोंबड्यांनी बाहेरून आणलं असतं तर घरचे पाकळ्यांचे गुण दिसले नसते. बाकीचं फळं लागल्यावर.

वऱ्हाडी_ठेचा | २१ जानेवारी, सकाळी ८:३०

म्हणजे आत्याबाईंनी सडकं म्हणून फेकलं नसतं तर हा धागाच नसता.

मांडवीकाठ | २१ जानेवारी, दुपारी १२:४०

पण आई कोण आणि बाप कोण? फेकलेल्या काळ्या फळातच संकराचं बी होतं, की भुंग्याने काळ्याचा पराग आत्यांच्या लाल फुलावर नेला?

शेतकी_७८ | २१ जानेवारी, रात्री ९:००

पानावरून आणि रंगावरून ते कळत नाही, दोन्हीकडून सारखंच दिसतं. हरितलवकं, म्हणजे पेशीतले हिरवे कण, बहुतेक आईकडूनच येतात, ती तपासली तर कळेल. त्याला मात्र प्रयोगशाळा लागेल, कुंड्या पुरायच्या नाहीत.

परसातली | २१ जानेवारी, रात्री ९:२०

आत्यांचा निकाल झालाय. "आई आमची. बाहेरचा आला तो बाप."

परसातली | २६ मार्च, रात्री ८:३०

फळं पिकली. सोळाही झाडांची तपकिरी, एकही लाल नाही. फलटणच्या बियाची चारही झाडं लाल आणि पाकळ्यांची, आत्यांच्या आठवणीबरहुकूम.

पण काळ्या सोळांत आकार एक नाही. नऊ-दहा झाडांना चांगल्या पाकळ्या आहेत, काहींना नुसत्या खुणेपुरत्या. सात नंबरच्या झाडाची पानं बटाट्याची, फळाला वर मान आलीय आणि खाली पाकळ्या. पेरूला झालर लावल्यासारखी. भाचा म्हणतो, हीच खरी त्याची.

चवीला मला तीन आणि बारा नंबर आवडले. बाराची साल फार पातळ, हातात घेईपर्यंत फुटते. बाजाराला निरुपयोगी, घराला चालेल. आत्यांनी पहिल्यांदा सार केलं, पण ताटात तो रंग बघून मुलं खाईनात. मग ठेचा केला, खलबत्त्यात, लसूण आणि भाजलेली मिरची घालून. ठेच्याला कुणी रंग विचारत नाही.

ठाणेकर_गॅलरी | २६ मार्च, रात्री ८:५०

आता तरी बी?

न्यूजर्सीकर | २६ मार्च, रात्री ११:३०

नाव काय ठेवलंत ते सांगा आधी. आणि शेतकऱ्याचं वाण म्हणून नोंदणी करता येते ना भारतात?

शेतकी_७८ | २७ मार्च, सकाळी ६:४०

येते. २००१ च्या कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणांची सोय आहे. पण वाण वेगळं, एकसारखं आणि स्थिर असावं लागतं. हे अजून फुटतंय, दर झाड वेगळं येतंय. तीन आणि बारा नंबरचं बी वेगवेगळं ठेवा, दरवर्षी त्यातलं मनाजोगतं एकेक झाड निवडत जा, फुलावर मलमलची पिशवी बांधा. पाच-सहा पिढ्या लागतील. जुन्या लालचं बी मात्र यात मिसळू देऊ नका. काळं पुन्हा करता येईल, ते येणार नाही.

परसातली | २७ मार्च, सायंकाळी ७:१०

लालसाठी वेगळी गोवरी केलीय, तिच्यावर खडूने फुली मारली.

नावाचं भांडण घरात चालू आहे. भाचा 'साताऱ्याचा जपानी' म्हणतो, मुलं 'करपं' म्हणतात. ठाणेकर, मला निरोपात पत्ता द्या, तीन नंबरचं पाठवते.

आज दुपारी तीन, सात आणि बारा अशा तीन गोवऱ्या थापून उन्हात ठेवल्या. आत्या आल्या, गोवऱ्यांकडे पाहिलं, पाटीतली तीन-चार पिकलेली फळं उचलली आणि उकिरड्याकडे निघाल्या. मी म्हटलं, "अहो आत्या, चांगली आहेत ती!"

"व्हय. म्हणूनच. तिथंच बरी येत्यात."

वऱ्हाडी_ठेचा | २७ मार्च, सायंकाळी ७:२५

पावसाळ्यात धागा वर काढा.